सायकल खांद्यावर घेऊन…

मुलांनो, सायकलवर आपण बसतो, हे तर तुम्हाला माहीतच आहे. पण सायकलच आपल्या खांद्यावर बसते, अशी शर्यत तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली. नुसती पाहिली नाही, तर तिच्यात भागही घेतला! माझा नंबर कितवा आला ते मात्र शेवटी सांगते. आत्ताच सांगितलं तर तुम्ही लेख वाचायचा सोडून हसत बसाल.

या गोष्टीची सुरुवात झाली आमच्या शाळेच्या मैदानावर. क्रीडा सप्ताह चालू होता. चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या, शिट्टी माझ्या गळ्यात होती आणि चौथीच्या मुलींची शंभर मीटर धावण्याची शर्यत सुरू होणार होती. एक मुलगी रांगेत दिसेना. शोधलं तर लिंबाच्या झाडामागे बसलेली.

"काय गं, पळायचं नाही का?"

"नाही बाई. माझा शेवटचा नंबर येतो."

मग मी तेच वाक्य म्हटलं, जे आम्ही सगळे शिक्षक म्हणतो. "अगं, नंबराचं काय एवढं? भाग घेणं महत्त्वाचं!"

तिनं मान वर केली आणि विचारलं, "बाई, तुमचा आलाय का कधी शेवटचा नंबर? सगळ्यांसमोर?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण खरं सांगायचं तर मी कधी शर्यतीत उतरलेच नव्हते. शाळेत असताना मी गुण लिहायला बसायची, पाण्याची घागर सांभाळायची, कधी पोट दुखतं म्हणायची. ती मुलगी त्या दिवशी पळाली नाही. तिचा प्रश्न मात्र माझ्या मागे लागला.

चिखलातला रविवार

त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत मी ताईकडे गेले. माझी थोरली बहीण इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात, लीड्स शहराजवळ राहते. तिची मुलगी अकरा वर्षांची. पोहोचल्यावर तिसऱ्याच दिवशी रविवार होता. बाहेर कडाक्याची थंडी आणि भुरभुर पाऊस. अशा हवेत आपण काय करू? गोधडी ओढून झोपू! पण भाची सकाळी सातलाच तयार. "मावशी, ऊठ ना! आज माझी सायक्लोक्रॉसची रेस आहे."

मला वाटलं, पाऊस पाहून शर्यत रद्द होईल. भावोजी हसले. म्हणाले, "उलट आहे. पाऊस नसला तर पोरं हिरमुसतात!"

आम्ही गेलो ते एक मोठं मैदान होतं. बाजूला टेकडी, थोडी झाडी. दोन्ही बाजूंना फिती बांधून वळणावळणाचा मार्ग आखला होता. एक फेरी साधारण अडीच किलोमीटरची. ओलं गवत, तिरका उतार, झाडांमधली निसरडी वाट, घोटाभर चिखल, एके ठिकाणी वाळू, पुढे लाकडाच्या दोन आडव्या फळ्या आणि शेवटी मातीच्या उभ्या पायऱ्या.

"आता या पायऱ्यांवरून सायकल कशी न्यायची?" मी विचारलं.

"उतरायचं, उचलायची आणि पळायचं!" भाची म्हणाली, जणू काही मी अगदीच सोपा प्रश्न विचारला होता.

सायक्लोक्रॉस म्हणजे हेच, मुलांनो. जिथं चालवता येते तिथं सायकल चालवायची. जिथं येत नाही तिथं झटकन उतरून ती हातात किंवा खांद्यावर घ्यायची, पळायचं आणि पुन्हा उडी मारून बसायचं. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त फेऱ्या मारायच्या. मोठ्या पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय शर्यती साधारण तासभर चालतात. लहान मुलांच्या जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत संपतात.

खरं तर आपल्याकडच्या खेड्यातल्या मुलांना यात नवल वाटायचं कारण नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेनं सायकल चालवली की मडगार्डात चिखल गच्च बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काडीनं चिखल कोरून काढायचा, नाहीतर सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचा. शाळेत येणाऱ्या कितीतरी मुलांनी हे केलेलं असतं. फक्त त्याला कुणी शर्यत म्हणत नाही!

हा खेळ आला कुठून?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्स आणि बेल्जियममधले सायकलपटू हिवाळ्यात अंग गरम राहावं, सराव तुटू नये म्हणून शेतांतून सायकली दामटायचे. समोरच्या गावातल्या चर्चचा उंच मनोरा दिसला की तिथपर्यंत आधी कोण पोहोचतं, अशी पैज लागायची, असं सांगतात. वाटेत कुंपण आलं तर सायकल उचलून पलीकडे. रस्ता आपला आपण शोधायचा!

दानिएल गूसो नावाच्या फ्रेंच सैनिकानं या धमालीला शर्यतीचं रूप दिलं. १९०२ साली फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचं श्रेय त्याला देतात. पुढे १९१० साली ऑक्ताव्ह लापीझनं 'टूर द फ्रान्स' ही जगातली सर्वांत मोठी रस्ता-शर्यत जिंकली आणि आपल्या यशात हिवाळ्यातल्या या चिखलसरावाचा मोठा वाटा आहे, असं सांगितलं. झालं! मग सगळ्यांनाच चिखल आवडायला लागला.

पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसमध्ये झाली. ती जिंकली जाँ रोबिकनं. याच रोबिकनं १९४७ साली टूर द फ्रान्सही जिंकली होती. बायकांना मात्र जागतिक स्पर्धेसाठी आणखी पन्नास वर्षं थांबावं लागलं! २००० साली त्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि जर्मनीची हांका कुप्फरनागेल जगज्जेती ठरली. त्यानंतर नेदरलँड्सच्या मारियान व्होसनं हा मान तब्बल आठ वेळा मिळवला.

२०१३ साली ही स्पर्धा पहिल्यांदाच युरोपाबाहेर, अमेरिकेतल्या लुईव्हिल गावी झाली. तेव्हा शेजारच्या ओहायो नदीला पूर येऊ लागला. मैदान पाण्याखाली जाणार असं दिसताच आयोजकांनी दोन दिवसांच्या सगळ्या शर्यती एकाच दिवसात उरकल्या. चिखल चालतो, पण पूर नाही!

ज्या यॉर्कशायरात मी गेले होते, तिथं तर याहून अवघड एक शर्यत होते. इंगलबरो, व्हर्नसाइड आणि पेनीगेंट ही तिथली तीन उंच शिखरं. सगळी सातशे मीटरच्या आसपासची. १९५९ साली स्किप्टन गावातल्या अवघ्या १४ वर्षांच्या एका शाळकरी मुलानं सायकल घेऊन सुमारे सात तासांत ही तिन्ही शिखरं पालथी घातली. ती बातमी वाचून मोठी माणसं जागी झाली आणि १९६१ साली तिथं 'थ्री पीक्स' सायक्लोक्रॉस शर्यत सुरू झाली. म्हणजे बघा, वाट एका शाळकरी पोरानं दाखवली.

माझी पंचाईत

मुलांच्या शर्यती झाल्या. भाचीचा नंबर तेविसांत एकोणिसावा आला. ती नखशिखान्त चिखलानं माखली होती आणि फक्त दात पांढरे दिसत होते. मला नवल वाटलं ते एका वेगळ्याच गोष्टीचं. सगळ्यांत शेवटी एक छोटा मुलगा येत होता. त्याची सायकल त्याच्यापेक्षा जड असावी. पण लोक घरी निघाले नाहीत. उलट फितीजवळ सरकले. गाईच्या गळ्यात असते तशी मोठी घंटा वाजवायची तिथं पद्धत आहे. त्या मुलासाठी घंटांचा जो गजर झाला, तो पहिल्या आलेल्या मुलासाठीही झाला नव्हता.

तेवढ्यात भाची म्हणाली, "मावशी, बायकांची रेस एक तासानं आहे. आईचा पाय मुरगळलाय. तिची सायकल आणि हेल्मेट गाडीत आहे. तू जा ना!"

"मी? छे! मला सराव नाही. कपडे नाहीत. बूट नवे आहेत…"

"पण काल तूच म्हणालीस ना, भाग घेणं महत्त्वाचं असतं म्हणून?"

आणि मला एकदम लिंबाच्या झाडामागे बसलेली ती मुलगी आठवली. तीन सबबी तर माझ्या सांगून झाल्याच होत्या. चौथी तोंडात तयार होती. ती मी गिळली. टेबलाशी जाऊन एका दिवसाची फी भरली आणि चार पिना लावून पाठीवर नंबर डकवून घेतला.

मग माझी शाळा भरली. गुरुजी कोण? अकरा वर्षांची भाची! तिनं चार गोष्टी शिकवल्या.

पहिली गोष्ट, उतरायचं नेहमी डाव्या बाजूनं. कारण चेन उजवीकडे असते. डावीकडे उतरलं की चेनचे दाते आपल्या पायाला लागत नाहीत. उजवा पाय सीटवरून मागून आणायचा, क्षणभर डाव्या पॅडलवर उभं राहायचं आणि चाक थांबायच्या आधीच पळायला लागायचं.

दुसरी गोष्ट, छोटा अडथळा असेल तर सायकल दांडीला धरून नुसती उचलायची. पायऱ्या असतील तर मधल्या मोकळ्या जागेत हात घालून दांडी खांद्यावर घ्यायची.

तिसरी गोष्ट, पुन्हा बसताना सीटवर आदळायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूनं सरकत बसायचं. म्हशीच्या पाठीवर पोरं कशी अलगद चढतात, तसं!

चौथी गोष्ट ऐकून मी चक्रावलेच. तिनं चक्क चाकांतली हवा कमी केली. पण त्यात शास्त्र आहे. फुगा टम्म फुगवून टेबलावर ठेवला तर तो एवढ्याशा जागेवर टेकतो. थोडी हवा काढली की पसरून बसतो. टायरचंही तसंच. हवा कमी असली की ते जमिनीवर जास्त पसरतं आणि चिखल घट्ट धरतं. फार कमी केली तर मात्र दगडावर आपटून ट्यूब फाटते. म्हणून बोटानं दाबून अंदाज घ्यायचा.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत टायरची रुंदी ३३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. फळ्यांची उंची जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर आणि दोन फळ्यांमधलं अंतर ४ मीटर असतं. मोठ्या खेळाडूंना मार्गात ठरलेल्या जागी सायकल बदलता येते. एक सायकल चिखलानं भरली की मदतनीस ती धुवायला घेतात आणि दुसरी हातात देतात. गावपातळीवरच्या शर्यतीत मात्र साधी जाड टायरची सायकलही चालते. माझी तशीच होती.

पाच फेऱ्या आणि तीन फेऱ्या

शिट्टी वाजली. पहिल्या वळणापर्यंत मी सगळ्यांबरोबर होते. दुसऱ्या वळणाला माझ्यापुढे कुणीच नव्हतं, कारण सगळ्या जणी दिसेनाशाच झाल्या होत्या!

उतारावर मी ब्रेक दाबला आणि सायकल एकीकडे, मी दुसरीकडे. फळ्यांपाशी आले तर उतरायचं आठवलं, पण पळायचं विसरले. तिथं उभी राहून मी सायकल अशी उचलली, जसा कुणी गॅसचा सिलिंडर उचलतो. पायऱ्यांवर दांडी खांद्यात रुतली, चिखलाचं पाणी मानेवरून पाठीत उतरलं. वाळूत चाक रुतलं. पहिली फेरी संपेपर्यंत छाती भात्यासारखी हलत होती.

दुसऱ्या फेरीत सगळ्यांत पुढची खेळाडू मागून येऊन मला गाठून पुढे गेली. म्हणजे ती माझ्यापेक्षा एक अख्खी फेरी पुढे! जाताना म्हणाली, "वेल डन!" तिला माझी चेष्टा करायची नव्हती, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. पण मला लाज वाटली ती वाटलीच.

आणि तेवढ्यात खट्‌कन आवाज होऊन चेन पडली.

मुलांनो, खरं सांगते. त्या क्षणी मला आनंद झाला. चेन पडली! आता बाजूला व्हायला हरकत नाही. कुणी विचारलं तर "सायकलच बिघडली हो, नाहीतर…" असं म्हणता येईल. फितीपलीकडे भाची उभी होती. तिलाही ते पटलं असतं. इतकी छान सबब आयुष्यात पुन्हा मिळाली नसती.

भाची काहीच बोलली नाही. ती फक्त माझ्याकडे बघत होती. ती मुलगी बघत होती ना, अगदी तशीच.

मी खाली बसले, चेन दात्यांवर चढवली, पॅडल उलटं-सुलटं फिरवलं. दोन्ही हात काळे झाले. तेच हात तोंडाला लागले. आणि निघाले पुढे.

तिसऱ्या फेरीला गंमतच झाली. पायऱ्यांशी आले आणि न थांबता उतरले. उजवा पाय मागून, डाव्यावर उभी, पळत सुटले! पहिल्यांदाच जमलं. फळ्या ओलांडून पुन्हा बसतानाही आदळले नाही. तोवर लाजायचं विसरूनच गेले होते. पुढे कोण, मागे कोण, काही आठवत नव्हतं. पुढची चार हात वाट, एवढंच दिसत होतं.

या खेळातला एक नियम मला फार आवडला. मोठ्या स्पर्धांमध्ये फार मागे पडलेल्यांना थांबवतात. पण अशा गावच्या शर्यतीत पहिली खेळाडू शेवटची रेघ ओलांडते, तेव्हा जी ज्या फेरीत असेल ती फेरी पूर्ण केली की तिचीही शर्यत संपते. त्यामुळे सगळे गेल्यावर रिकाम्या मैदानात एकटीनं दोन-दोन फेऱ्या मारायची वेळ कुणावर येत नाही. पहिलीनं पाच फेऱ्या मारल्या. मी तीन. आणि रेघेवर माझ्यासाठी घंटा वाजल्या, अगदी त्या छोट्या मुलासाठी वाजल्या तशा.

भिंतीवर निकालाचा कागद लागला. मी खालून वाचायला सुरुवात केली. फार शोधावं लागलं नाही. पहिलंच नाव माझं! होय मुलांनो, शेवटचा नंबर. आता हसा पोटभर.

आजोबा आणि नातू

परत येताना गाडीत भावोजींनी एक गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये रेमों पूलिदोर नावाचा सायकलपटू होता. टूर द फ्रान्समध्ये तो तीनदा दुसरा आला, पाचदा तिसरा आला. पहिला एकदाही नाही. तिथं जो सगळ्यांत पुढे असेल त्याला पिवळा सदरा घालायला मिळतो. तोही पूलिदोरला एक दिवससुद्धा मिळाला नाही. पण फ्रान्सच्या लोकांनी त्याच्यावर जितकं प्रेम केलं, तितकं कित्येक विजेत्यांवरही केलं नाही.

या पूलिदोरचा नातू म्हणजे मात्यू व्हान डर पूल. तो सायक्लोक्रॉसच्या चिखलातच वाढला. त्याचे वडीलही १९९६ साली सायक्लोक्रॉसचे जगज्जेते होते. मात्यूनं २०१५ ते २०२५ या काळात हे जगज्जेतेपद सात वेळा मिळवलं आणि बेल्जियमच्या एरिक डे व्लामिंकच्या जुन्या विक्रमाची बरोबरी केली. २०२१ साली टूर द फ्रान्समध्ये त्यानं एक टप्पा जिंकून तो पिवळा सदरा मिळवला. आजोबा २०१९ सालीच वारले होते. रेघ ओलांडताना नातवानं आकाशाकडे बोट केलं आणि नंतर तो रडला.

तुम्हालाही करून पाहायचंय?

त्यासाठी परदेशात जायला नको आणि महाग सायकलही नको. मोकळं मैदान, पावसाळ्याचे दिवस आणि घरातलं एखादं मोठं माणूस सोबत हवं.

- हेल्मेट घातल्याशिवाय सुरुवात करायची नाही. आधी दोन्ही ब्रेक तपासायचे.
- रहदारीच्या रस्त्यावर, विहिरीजवळ, भरलेल्या ओढ्यात हा खेळ अजिबात नको. शेतात पीक असेल तर तिथंही नको.
- फळ्यांऐवजी जमिनीवर दोन काठ्या ठेवा. आधी सायकल हातात धरून नुसतं चालत ओलांडा. मग पळत. उडी मारून बसायचं सगळ्यांत शेवटी.
- सायकल जड असेल तर खांद्यावर घेऊ नका. ढकलत नेली तरी चालते.
- खेळ झाल्यावर सायकल धुवा, पुसा आणि चेनला दोन थेंब तेल द्या. नाहीतर ती गंजेल आणि घरी बोलणी खावी लागतील!

आणि पालकांनो, एक विनंती तुम्हालाही. कपडे मळतील म्हणून अडवू नका. आणि मूल शेवटून येत असेल तेव्हा घड्याळाकडे बघू नका. तिथंच उभे राहा, टाळ्या वाजवा.

वर्गात

सुट्टी संपली. शाळा भरली. मी वर्गात सगळी हकिगत सांगितली. चेनची सुद्धा. मुलं हसून लोळायची बाकी होती. ती मुलगी आता पाचवीत गेली होती, पण खिडकीशी उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "बाई, मग लाज नाही वाटली?"

"वाटली ना. पहिल्या फेरीला खूप वाटली. दुसरीला तर चेन पडल्याचं निमित्त करून पळणार होते. तिसरीला विसरून गेले."

ती काही बोलली नाही. पाचवीच्या वर्गात निघून गेली.

जानेवारीत पुन्हा क्रीडा सप्ताह आला. पुन्हा चुन्याच्या रेघा, पुन्हा शिट्टी माझ्या गळ्यात. शंभर मीटरच्या रांगेत मी लिंबाच्या झाडाकडे बघितलं. झाडामागे कुणी नव्हतं. ती रांगेत उभी होती, ओढणी कमरेला घट्ट बांधून.

मी शिट्टी वाजवली. ती पळाली, शेवटच्या रेघेपर्यंत पळाली.

तिचा नंबर कितवा आला? ते मी सांगणार नाही. माझा नंबर मी सांगितला. तिचा सांगायचा की नाही, ते तिचं तिनं ठरवायचं!